परक्या नांवाची द्राक्षवेल

या मासिकाच्या पानांवर मद्याचा विषय निघालेला पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. आमच्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं मद्याला स्पर्श केलेला नाहीं. आम्हांस स्वतःस चहापलीकडे व्यसन माहीत नाहीं, आणि या वयांत नवें जोडण्याची इच्छाहि नाहीं. तरी गेलीं तीन वर्षें दक्षिण अमेरिकेंतील एका तांबड्या द्राक्षमद्याचा आम्ही जमेल तसा अभ्यास करीत आहों. त्याला घरगुती कारण घडलें. तें पुढें सांगूं. आधीं विषय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. त्यांत द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास 'मधु' म्हटलें असून कापिशायन आणि हारहूरक असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि हीं नांवें त्या त्या देशावरून पडलीं असा खुलासाहि तेथेंच आहे. कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत बेग्रामजवळ होती. पाणिनीनें तर या एका नगरीच्या नांवापासून 'कापिशायन' हा शब्द सिद्ध व्हावा म्हणून चौथ्या अध्यायांत स्वतंत्र सूत्र घातलें, आणि काशिकाकारांनीं उदाहरणें दिलीं तीं तेथील मधूचीं आणि तेथील द्राक्षांचीं. आम्ही गुरुजींपाशीं कौमुदी शिकलों तेव्हां सगळें लक्ष प्रत्ययाकडे होतें. पेय कोणत्या भूमीचें हें रुचीवरून ओळखतां येतें, आणि म्हणून तें भूमीच्या नांवानेंच विकलें जातें, ही त्या सूत्रामागची लौकिक गोष्ट होय. बोर्दो, माइपो, कोल्चाग्वा हीं नांवें बाटलीवर छापणारे आजचे व्यापारी कांहीं नवें करतात असें नाहीं.

आतां चिली देशाकडे वळूं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटून हा देश दक्षिणोत्तर सुमारें ४,३०० किलोमीटर पसरला आहे, आणि रुंदीला मात्र सरासरी दोनशें किलोमीटरहि भरत नाहीं. उत्तरेस आताकामाचें वाळवंट, पूर्वेस अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेस प्रशांत महासागर, दक्षिणेस बर्फ. चारी बाजूंनीं असा बंदोबस्त असलेला मुलूख पृथ्वीवर दुसरा क्वचितच असेल. मधल्या खोऱ्यांत पाऊस पडतो तो हिवाळ्यांत. उन्हाळा कोरडा जातो, आणि पर्वतावरील बर्फ वितळून नद्यांना जें पाणी येतें तें पाटांनीं मळ्यांत खेळवितात. दिवसा कडक ऊन आणि रात्रीं पर्वतावरून उतरणारा गारवा. समुद्राच्या बाजूनें थंड प्रवाहावरून येणारी हवा निराळीच. द्राक्षाला हें हवामान मानवतें.

या देशाचें नांव ज्या द्राक्षाशीं आज जोडलें गेलें आहे त्याला कार्मेनेर म्हणतात. ही जात मूळची तेथली नव्हे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो प्रांत आहे. त्यांतील मेदॉक नांवाच्या पट्ट्यांत ती पूर्वीं लावीत असत. शरदृतूंत तिचीं पानें किरमिजी होतात, म्हणून त्या रंगाच्या फ्रेंच शब्दावरून तिला हें नांव मिळालें असें सांगतात. (आमचा 'किरमिजी' आणि फ्रेंचांचा 'कार्मिन' हे दोन्ही शब्द अरबी 'किर्मिझ'वरून आलेले, आणि त्याचें नातें आपल्या 'कृमि' शब्दाशीं पोंचतें. रंग किड्यापासून काढीत, म्हणून.) जात गुणी, पण लहरी. बोर्दोकडचा वसंत थंड आणि ओला असला कीं तिचा मोहोर गळे आणि घडांत मणी धरत नसत. पुढें १८६० नंतर फायलोक्सेरा नांवाची, अमेरिकेंतून आलेली एक बारीक कीड फ्रान्सच्या मळ्यांत शिरली. ती मुळांना लागते आणि उभी वेल वाळून जाते. मळेच्या मळे उजाड झाले. अखेर अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधण्याचा उपाय सांपडला. पण कर्ज काढून नव्यानें लावणी करणारा शेतकरी बेभरंवशाची जात कशाला लावील? कार्मेनेर मागें पडली, आणि विसाव्या शतकांत ती नामशेष झाली असेंच बहुतेक समजूं लागले.

ती नामशेष झाली नव्हती. कीड फ्रान्समध्यें पोंचण्यापूर्वींच, १८५१ च्या सुमारास, सिल्वेस्त्रे ओचागाविया या चिलीतील धनिक गृहस्थानें फ्रान्सहून उत्तम जातींच्या काड्या मागविल्या होत्या. त्या काळांत अशा काड्यांबरोबर कार्मेनेरहि समुद्र ओलांडून गेली. चिलीच्या त्या नैसर्गिक तटबंदींत फायलोक्सेराला अजूनहि शिरकाव मिळालेला नाहीं. तेथील पुष्कळशा वेली कलमावांचून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. फक्त एक झालें. मेर्लो नांवाच्या दुसऱ्या एका जातीच्या रांगांत ती मिसळून गेली आणि तिचें नांव हरवलें. शंभरांहून अधिक वर्षें ती मेर्लो या नांवानेंच वाढली, तोडली गेली आणि विकली गेली. एकाच रांगेंतील कांहीं वेलींचे घड आधीं पिकतात आणि कांहींचे दोनतीन आठवडे मागाहून, हें तोडणी करणाऱ्या माणसांना दिसत होतेंच. चिलीचा मेर्लो इतरांच्या मेर्लोसारखा लागत नाहीं, त्यांत कांहीं हिरवें आणि तिखट आहे, हें परदेशचे ग्राहकहि म्हणत. मातीचा गुण, असें उत्तर मिळे.

१९९४ सालीं नोव्हेंबरच्या २४ तारखेस झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रान्समधील माँपेलिए येथील द्राक्षवेलींच्या जाती ओळखणारे पंडित माइपो खोऱ्यांत, आल्तो हावेल येथें, विन्या कार्मेन या जुन्या मळ्यांत हिंडत होते. तिकडे नोव्हेंबर म्हणजे वसंत. वेली फुलांवर होत्या. मेर्लो म्हणून दाखविलेल्या वेलींच्या फुलांतील पुंकेसर पिळवटलेले त्यांस दिसले, आणि ही वेल कार्मेनेर आहे असें त्यांनीं सांगितलें. मेर्लोच्या कोंवळ्या पानाची खालची बाजू पांढुरकी, हिची तांबूस. हीहि एक खूण. पुढें वेलींच्या आनुवंशिक तपासणीनें त्यांचें म्हणणें खरें ठरलें, आणि १९९८ सालीं चिलीच्या शेतकी खात्यानें ही वेगळी जात म्हणून मान्य केली. एका माणसानें फुलाकडे नीट पाहिलें आणि एका देशाच्या व्यापाराची खातेवही बदलली! मेर्लो हें खपणारें नांव होतें आणि कार्मेनेर कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां खरें नांव लावणें हा मळेवाल्यांना आरंभीं तोट्याचा सौदा वाटला असल्यास नवल नाहीं. तरी त्यांनीं तें लावलें. आज तेथें सुमारें १०,००० हेक्टरांवर ही वेल आहे.

याच वेलीला इटलींत काबेर्ने फ्रां समजत आले आणि चीनमध्यें तिसऱ्याच नांवानें ओळखत आले, हें मागाहून उघडकीस आलें. आणखी एक गंमत आहे. कार्मेनेर आणि मेर्लो या दोहोंच्या कुळांत काबेर्ने फ्रां हा जनक एकच. दुसरा जनक मात्र निराळा. म्हणजे दोघी सावत्र बहिणी. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस, पाहुण्यांनीं एकीला दुसरीच्या नांवानें हांक मारणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

आतां घरची हकीकत. आमचे धाकटे बंधु पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांची कन्या सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन नाशिककडील एका द्राक्षमद्याच्या कारखान्यांत लागली. 'द्राक्षांवर संशोधन' एवढेंच घरांत सांगण्यांत आलें होतें, आणि तें खोटेंहि नव्हतें. पुढें तिच्यासाठीं एका सुशिक्षित घराण्यांतून स्थळ आलें. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली, आणि व्यवसायाचें नांव निघतांच मंडळी चहाचा पेला अर्धा टाकून उठली. त्याच महिन्यांत तिला चिलीतील एका मळ्यांत तोडणीच्या हंगामापुरतें कामाचें बोलावणें आलें. नाशिकची तोडणी फाल्गुनापर्यंत आटोपते. चिलीत ती तेव्हां भरांत येते, आणि कार्मेनेर तर सर्वांत मागाहून, एप्रिलअखेर किंवा मे महिन्यांत तोडतात. तेव्हां शिकणाऱ्याला एका वर्षांत दोन हंगाम मिळतात. बंधूंनीं स्पष्ट नकार दिला. रात्रीं ते आमच्या खोलींत येऊन म्हणाले, "दादा, तुम्हीच तिला समजावा. तुमचें ती ऐकेल." दुसऱ्या दिवशीं ती आली आणि म्हणाली, "काका, तुम्हीं नाहीं म्हटलंत तर मी जाणार नाहीं. पण आधीं मी काय करतें तें तरी ऐकून घ्या."

आम्हीं ऐकून घेतलें. एक आठवडा रोज संध्याकाळीं दोन तास ती बोलत होती. चाखण्याचें काम करणारा मनुष्य घोट गिळत नाहीं, तोंडांत घोळवून पिकदाणीसारख्या भांड्यांत टाकून देतो, हें ऐकून आमच्या नव्वदीच्या घरांतल्या मातोश्रींनीं विचारलें, "अगो, मग पैसे कशाचे देतात तुला?" मातोश्री स्वतः जेवणानंतर वैद्यबुवांनीं दिलेलें द्राक्षासव दोन चमचे घेतात. धायटीचीं फुलें घालून द्राक्षांचा काढा मुरवीत ठेवला म्हणजे त्यांत मद्यांश आपोआप उत्पन्न होतो. पुतणीनें तें त्यांना सांगितलें नाहीं. आम्हींहि सांगितलें नाहीं.

त्या संध्याकाळींच रसांचा विषय निघाला. रस सहा: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. पण संस्कृतांतील कटु म्हणजे मिरीसारखें तिखट. आणि त्यापासूनच आलेला मराठी 'कडू' मात्र कारल्याला लावतात. संस्कृतांत कारल्याला तिक्त म्हणतात, आणि त्याच तिक्तापासून झालेला हिंदींतील 'तीता' शब्द कित्येक ठिकाणीं मिरचीला लावतात. शब्दांचीहि रांग मेर्लो-कार्मेनेरसारखीच मिसळलेली! तांबड्या मद्यांत मुख्य रस कषाय, म्हणजे तुरट. सालींतून आणि बियांतून तो उतरतो. कार्मेनेरचा तुरटपणा जिभेला ओढ लावणारा नाहीं, मऊ आहे. सुपारीसारखा नव्हे, पिकल्या जांभळासारखा. आंबटपणाहि बेताचा. पुतणी म्हणाली, "काका, जांभळाचा दाट रस घ्या, त्यावर मिरी कुटून टाका, शेजारीं कोणी तंबाखूची पुडी उघडली आहे असें समजा, आणि पाठीमागें सैंपाकघरांत ढोबळी मिरची चिरताहेत." इंग्रजी पुस्तकांतील वर्णनें आम्हीं पुढें वाचलीं. त्यांत अलुबुखार, काळी चेरी, चॉकोलेट असे शब्द असतात. पण तिच्या वाक्याइतकें आमच्या डोक्यांत त्यांतील कांहींच शिरलें नाहीं.

ही ढोबळी मिरची अलंकार नव्हे. १९६९ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं ढोबळी मिरचीच्या वासाचें मूळ शोधून काढलें. तें मेथॉक्सिपायराझीन जातीचें एक द्रव्य आहे, आणि कार्मेनेरच्या घडांत असतें तें हेंच. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारें दोन भाग एक लिटर पाण्यांत मिसळले तरी माणसाच्या नाकाला तो वास कळतो. मद्यांत इतर वास असल्यामुळें थोडें अधिक लागतें, इतकेंच. कच्च्या द्राक्षांत हें द्रव्य पुष्कळ असतें. घड पिकत जातो आणि त्यावर ऊन पडतें तसतसें तें कमी होतें. आतां ध्यानांत येईल कीं नांव हरवल्यानें काय झालें. मेर्लो पिकला म्हणून सगळी रांग तोडली कीं त्यांत कार्मेनेर अर्धी कच्ची येई, आणि बाटलींत मिरचीचा वास दाटे. खरें नांव कळल्यावर वेली वेगळ्या केल्या, घडांजवळचीं पानें विरळ करून ऊन आंत घेतलें, आणि तोडणी लांबविली. कांहींनीं इतकी लांबविली कीं वास तर गेलाच, पण पेयहि मुरांब्यासारखें गोडसर आणि जड झालें. आतां पुन्हा थोडी लवकर तोडणी करणारे निघाले आहेत. आमचें मत विचाराल तर तो हिरवा वास सर्वस्वीं घालविणें बरें नाहीं. भाजणींत धने किती घालावेत याची रीत जशी घरोघर निराळी, तसेंच हें. मिरची स्वतः अमेरिका खंडांतली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि आज तिच्यावांचून आपला स्वयंपाक होत नाहीं. तिच्या गंधाला परका म्हणण्याचा अधिकार आपल्याला थोडाच!

आठवड्याच्या शेवटीं आम्हीं बंधूंस सांगितलें कीं तिला जाऊं द्यावें. मुलीचें काम नाकाचें, तराजूचें आणि सूक्ष्मदर्शकाचें आहे. पिणारा कोण आणि किती पितो, याची काळजी समाजानें जरूर करावी, ती आम्हांलाहि आहे, पण त्या काळजीपायीं या घरांतील एका मुलीचें शिकणें थांबवावें हें आम्हांस पटलें नाहीं. स्थळ परत गेलें त्याचें दुःख बंधूंना होतें, आम्हांलाहि होतें. ते कांहीं बोलले नाहींत. त्यानंतर दीड महिना जेवतांना ते आमच्या शेजारची जागा सोडून पलीकडे बसत.

हंगाम संपवून ती परत आली तेव्हां तिनें एक बाटली आणली होती. देवघराची बाजू सोडून, मागच्या पडवींत, तिनें ती उघडली आणि कांचेच्या पेल्यांत चार बोटें ओतली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मद्याचा नुसता वास घेणें हेंहि जातिभ्रंशकर कर्मांत मोजलें आहे, हें आम्हांस चांगलें ठाऊक होतें. ठाऊक असूनच आम्हीं पेला नाकाशीं नेला. रंग काळसर जांभळा, कडेला किरमिजी. पहिल्यानें जांभूळ आलें. मग थोडा धूर, जुन्या लाकडी पेटीचा असतो तसा. आणि तिनें पेला हलवून पुन्हा दिला तेव्हां, अगदीं मागून, देंठाजवळ चिरलेली ढोबळी मिरची. आम्हीं पेला खालीं ठेवला. चव घेतली नाहीं, तिनेंहि आग्रह केला नाहीं. भावजयीनें तेवढ्यांत दारांतून डोकावून, "मिरचीची भाजी कोणी लावली आहे का?" असें विचारलें, आणि आम्हां दोघांनाहि हंसूं आवरेना.

यंदा ती दुसऱ्यांदा गेली आहे. या खेपेस तिचें ठिकाण काचापोआल नदीकांठचें पेउमो हें गांव आहे. त्याच नांवाच्या तिकडच्या एका सदाहरित झाडावरून गांवाचें नांव पडलें. तिचीं पत्रें, हल्लींच्या रीतीप्रमाणें, हातांतल्या यंत्राच्या पडद्यावर येतात. ती लिहिते कीं माइपोची जमीन पर्वताच्या पायथ्याची, गोट्यांची आणि रेताड. आपाल्ता येथें डोंगर अर्धचंद्राकार वळला आहे आणि त्याच्या उतारावर ग्रॅनाइटची भुरभुरीत माती आहे. पेउमोला मात्र नदीनें आणलेली चिकणमाती. कार्मेनेरला उशिरांपर्यंत पानें हिरवीं ठेवून पिकावयाचें असतें, म्हणून ओल धरून ठेवणारी ही माती तिला मानवते, आणि येथल्या मद्यांत तो हिरवा वास मागें राहून जांभळासारखें फळ पुढें येतें. एकच जात, एकाच देशांत, तीन ठिकाणीं तीन स्वभावांची! पाणिनीला तेथें सूत्रें वाढवावीं लागलीं असतीं.

तिनें आमच्याकडून मराठी शब्दांची यादी मागितली होती: तुरट, आंबूस, मऊ, खरखरीत, ओलसर, धुरकट, आणि जिभेवर मागाहून राहतें त्याला काय म्हणावें. ती आम्ही लिहीत बसलों असतां बंधु खोलींत आले. बराच वेळ खिडकीशीं उभे राहिले. मग म्हणाले, "दादा, त्या चिकणमातीच्या मळ्याला पाणी किती दिवसांनीं देतात, आणि पाटानें देतात कीं ठिबकनें, तेवढें तिला विचारा."

आम्हीं यंत्र त्यांच्या हातीं दिलें.